वर्गातलं गाणं मुलांनी रचावं की एआयने?

खडूफळा
नमस्कार मंडळी. मी पाचवी ते सातवीला भाषा शिकवते. आठवड्यातला एक तास आम्ही गाणं रचण्यासाठी राखून ठेवतो. विषय मुलं ठरवतात, ओळी फळ्यावर येतात, टाळी देत म्हणून बघतो, अडखळलं की खोडतो. चाल पेटीवर चाचपडत सापडते. एकेका गाण्याला बराच वेळ जातो आणि जे तयार होतं ते ओबडधोबडच असतं, पण वर्गातलं प्रत्येक पोर ते तोंडपाठ म्हणतं.

हल्ली शिक्षकखोलीत सूचना येते की एवढा खटाटोप कशाला? एआयला विषय सांगा. शब्द, चाल, वाद्यमेळ, गाणारा आवाज, सगळं क्षणात हातात. मुलांनी पाठ करून म्हणायचं. स्नेहसंमेलनाला तर ते जास्तच शोभेल.

मला हे पटत नाही. पण 'यंत्र वाईट' एवढं म्हणून भागणारही नाही, कारण मुलं घरी ते वापरतातच. म्हणून इथे विचारते. वर्गात गाणं रचताना एआयला जागा द्यावी का? द्यायची तर कोणत्या टप्प्यावर? अनुभव लिहा, वाद घाला.

सुरावट
देऊ नये. गाण्याच्या तासाला मुलाच्या डोक्यात काहीतरी घडायला हवं. ते घडणार नसेल तर तो तास खेळाला द्या.

बिटबाइट
सुरावट, इतकं झटकून टाकू नका. प्रत्येक वर्गात 'मला नाही येत' म्हणून मागे सरकणारी मुलं असतात. त्यांच्या एका ओळीला कुणी ठेका आणि साथ दिली, तर ती पुढे येतात. माझा पुतण्या कधी कवितेच्या वाटेला गेला नव्हता. सॉफ्टवेअरने त्याच्या चार ओळी गाऊन दाखवल्या आणि तो त्याच संध्याकाळी दुसरं कडवं लिहायला बसला. पेटी प्रत्येक शाळेत असतेच असं नाही आणि पेटी वाजवणारे शिक्षक तर त्याहून कमी. अशा वर्गात गाणं होणारच नाही, त्यापेक्षा यंत्राच्या साथीने झालेलं बरं.

मधलीसुट्टी
आमच्या वर्गात 'शाळा'ला 'फळा' जुळला की सगळ्यांना कवी झाल्यासारखं वाटायचं. यंत्रालाही पहिल्याच ओळीत शाळा-फळा सुचलं. म्हणजे अभ्यास आमच्याच वर्गात झालेला दिसतो. :)

मात्रागण
मराठीत रचना करायची असेल तर एक तांत्रिक गोष्ट लक्षात घ्या. भाषेची ही प्रारूपं (लँग्वेज मॉडेल्स) ओळ कानाने ऐकत नाहीत. त्यांच्यापुढे मजकूर तुकड्यांच्या रूपात येतो, त्याला टोकन म्हणतात. देवनागरीतलं एकच अक्षर कित्येकदा दोन-तीन टोकनांत मोडतं. त्यामुळे लघु-गुरूचा (ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन) हिशेब अंदाजाने होतो आणि तो वरचेवर चुकतो.

मी पादाकुलक मागितलं होतं, म्हणजे ओळीला सोळा मात्रा. आलं ते असं:

रिमझिम रिमझिम पाऊस येतो
आनंदाची गाणी गातो

दुसरी ओळ बरोबर सोळा. पहिली मोजा. रिमझिमच्या चार, पुन्हा चार, 'पाऊस'च्या पाच, 'येतो'च्या चार. सतरा झाल्या. सरावलेला माणूस इथे 'पाउस' लिहून एक मात्रा काढून घेतो, आपल्याकडे कवींनी ही सवलत पूर्वापार घेतली आहे. यंत्राला ती माहीत असेलही, पण इथे ती घ्यायला हवी हे त्याच्या कानाला टोचलं नाही, कारण कान नाहीत. आणि ओळीतला मजकूर? असा पाऊस कुणाच्या अंगावर पडलेला नसतो.

सुरावट
मात्रागण, +१. शेवटच्या वाक्याला तर +१००.

बिटबाइट
मात्रागण, मान्य. पण सातवीतलं मूलही सतरा मात्रा लिहील की! तेवढ्यावरून यंत्र बाद करायचं तर मुलंही बाद होतील.

मात्रागण
मूल सतरा लिहितं, टाळीला अडखळतं, मागे जातं आणि शब्द बदलतं. तो तास त्यासाठीच असतो.

निवृत्तगुरुजी
या चर्चेत एक गोष्ट कुणी बोलत नाही, म्हणून लिहितो. यंत्र येण्यापूर्वी वर्गातली गाणी मुलं रचत होती, असं सगळे गृहीत धरून चालले आहेत. बहुतेक शाळांत तसं नव्हतं. स्वागतगीत, समूहगीत, निरोपाचं गीत, सगळं शिक्षक लिहायचे, शिक्षकच चाल लावायचे आणि मुलांकडून घोटून घ्यायचे. तालमीला चुकलं तर ओरडा बसायचा. मी स्वतः अशी गाणी भरपूर लिहिली आणि ती गाजलीही. आता सांगा, गुरुजींनी आयतं दिलेलं गाणं आणि एआयने आयतं दिलेलं गाणं, मुलाच्या बाजूने फरक काय? दोन्हींत एका अक्षराचा निर्णय त्याने घेतलेला नाही.

तेव्हा ज्या शिक्षकांना आज यंत्राचा राग येतो, त्यांनी आधी स्वतःच्या हातातली लेखणी मुलांकडे द्यावी. खडूफळा, तुम्ही ती दिली आहे असं दिसतं. तिथे नेमकं काय घडतं ते जरा विस्ताराने लिहाल का?

तबलजी
गुरुजी, दंडवत. मुद्दा वर्मी लागला.

खडूफळा
गुरुजी, एकच प्रसंग सांगते. सहावीने विषय निवडला 'वर्गातला पंखा'. पहिली ओळ लगेच आली:

पंखा फिरे गरगर, वारा कुठे जातो

दुसरी ओळ मागच्या बाकावरून आली: 'मागच्या बाकावरती, घाम तसाच राहतो'. वर्ग हसला, कारण ते खरं होतं. पंखा पुढच्या बाजूला आहे, मागे वारा पोचत नाही. पण म्हणून बघताना प्रत्येक वेळी ओळ शेवटी लडखडायची. काहींनी 'घाम' काढायला सांगितलं, एकाने 'राहतो'च्या जागी दुसरं काही शोधलं, तर यमक तुटलं. बराच वेळ गोंधळ. शेवटी एक मुलगी, वर्गात फारसं न बोलणारी, म्हणाली, 'बाई, तसा काढा, च ठेवा.' फळ्यावर लिहिलं:

पंखा फिरे गरगर, वारा कुठे जातो
मागच्या बाकावरती, घामच राहतो

टाळीवर चपखल बसलं. शिवाय अर्थही धारदार झाला. 'घाम तसाच राहतो' ही नुसती माहिती होती. 'घामच राहतो' मध्ये तक्रार आली. तिला हे व्याकरणात सांगता आलं नसतं, कानाला कळलं.

त्याच विषयावर नंतर एआयकडून गाणं मागवून वर्गात वाचलं. 'पंखा आमुचा मित्र खरा, देई सर्वां थंड वारा'. ठाकठीक आहे, यमकही आहे. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, 'सर्वांना कुठे?' त्या एका प्रश्नात मला हवं ते सगळं आलं. तुमचा फरकाचा प्रश्न मला मान्य आहे, गुरुजी. फक्त वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाला मुलं 'सर्वांना कुठे?' म्हणून अडवू शकतात, आणि शिक्षक मागे जाऊन तो वारा स्वतः तपासू शकतो.

तबलजी
खडूफळाताई, ती ओळ का लडखडत होती ते लयीत सांगतो. पहिली ओळ बघा. 'पंखा फिरे गरगर' आठ अक्षरं, 'वारा कुठे जातो' सहा. केरवा तालात एका अक्षराला एक मात्रा, म्हणजे एक ठोका, दिला तर आठ मात्रांचं एक आवर्तन पहिल्या तुकड्याने भरतं. दुसऱ्या आवर्तनात सहा अक्षरं आणि दोन मात्रा मोकळ्या. त्या मोकळ्या दोन मात्रांत मुलं श्वास घेतात. 'घाम तसाच राहतो' आठ अक्षरांचं आहे. ते आवर्तनात बसतं, पण श्वासाची जागा खाऊन टाकतं, म्हणून पुढच्या ओळीची सम, म्हणजे आवर्तनाचा पहिला ठोका, सापडत नव्हती. त्या मुलीने दोन अक्षरं काढून सगळ्या वर्गाला श्वास परत दिला. हे तिला पुन्हा आवर्जून सांगा.

मधलीसुट्टी
'तसा काढा, च ठेवा'. संपादकांच्या टेबलावर लावण्यासारखं वाक्य आहे. वाचनखूण साठवली!

जुनीपाने
थोडा इतिहास. यंत्राने गाणं करणं ही कालची गोष्ट समजू नका. अठराव्या शतकात युरोपात फासे टाकून नृत्यसंगीत जुळवायचे खेळ छापून विकले जायचे. फाशावर आलेल्या आकड्याप्रमाणे तक्त्यातून तयार तुकडा उचलायचा आणि पुढच्याला जोडायचा. त्यातला एक खेळ १७९२ मध्ये मोझार्टच्या नावावर छापला गेला, तो खरंच त्याचा होता याचा पक्का पुरावा मात्र नाही. संगणकाचं म्हणाल तर १९५७ मध्ये इलिनॉय विद्यापीठात लेजारेन हिलर आणि लिओनार्ड आयझॅकसन यांनी इलियाक या संगणकाकडून चार तंतुवाद्यांसाठी रचना करून घेतली. पद्धत अशी की यंत्र स्वर सुचवणार आणि नियमांत न बसणारे गाळणार. नियम अर्थातच माणसांनी घातलेले.

वर्गाच्या दृष्टीने मला २०१९ चा गूगलचा बाख डूडल सगळ्यात उपयोगी वाटतो. २१ मार्चला तो आला होता. आपण दोन मापांची (बारची) चाल टाकायची, आणि जर्मन संगीतकार बाखच्या ३०६ कोरालांवर, म्हणजे चार आवाजांत गायच्या भजनांवर, शिकवलेलं प्रारूप तिला उरलेले तीन आवाज जोडून द्यायचं. चाल मुलाची, साथ यंत्राची. श्रेय कुणाचं कुठवर, हे लहान मुलालाही ऐकून कळतं.

बिटबाइट
जुनीपाने, धन्यवाद. मला हेच म्हणायचं होतं, तुम्ही नीट मांडलंत. साथीला यंत्र, गाण्याला माणूस.

अकरावीतला_मी
मी शाळेत गाणी लिहायचो, अजूनही लिहितो. मोठ्यांच्या चर्चेत एक गोष्ट राहते आहे. यंत्राने केलेलं गाणं ऐकायला पूर्ण असतं. गिटार, ड्रम, मागे कोरस. आणि माझ्याकडे त्या क्षणी असतात वहीतल्या दोन ओळी आणि गुणगुणलेली अर्धी चाल. ती अर्धी चाल त्या चकचकीत आवाजाशेजारी ठेवली की ती तिथेच मरते. मी काही चाली अशाच सोडून दिल्या. त्या वाईट नव्हत्या, अजून कच्च्या होत्या.

मित्राला अर्धी चाल ऐकवली की तो म्हणतो, 'थांब, इथे वर जाऊ या.' तयार गाण्यात कुणी असं म्हणत नाही. म्हणून बिटबाइटकाका, साथीला यंत्र चालेल, पण पहिली चाल पक्की होईपर्यंत नको.

सुरावट
बाळा, या धाग्यावरचा सगळ्यात मोलाचा प्रतिसाद तुझा. कच्च्या चाली टाकू नकोस, वहीत नुसता सारेगम लिहून ठेव.

समावेशक
मी विशेष गरजा असलेल्या मुलांसोबत काम करते. इथे बहुतेकांचं मत एका बाजूला झुकतंय म्हणून लिहिते. माझ्याकडे एक मुलगा आहे, त्याला बोलताना फार त्रास होतो, गाणं तर दूरच. टॅबवर चित्रं निवडून तो शब्द जुळवतो. त्याने जुळवलेल्या ओळी यंत्राने गायल्या तेव्हा त्याने त्या पुन्हा पुन्हा लावल्या, घरच्यांना ऐकवल्या. त्याचे शब्द आवाजात आलेले त्याने प्रथमच ऐकले. त्याला 'आधी टाळी दे, मग चाल शोध' असं मी कसं सांगू?

एक त्रास मात्र मलाही झाला. सॉफ्टवेअरने त्याच्या ओळी परस्पर 'सुधारल्या'. त्याने एक शब्द मुद्दाम तीनदा घेतला होता, यंत्राने तो एकदाच ठेवून वाक्य गुळगुळीत केलं. तो चिडला आणि मला टॅब ढकलून दाखवत राहिला. मग शब्दांना हात न लावण्याची सूचना देऊन पुन्हा गाऊन घेतलं. म्हणून माझा नियम एवढाच, की मुलाच्या शब्दाला यंत्राने हात लावायचा नाही. बाकी साथ, आवाज, वाद्यं हवं ते वापरा.

अकरावीतला_मी
समावेशकताई, हे माझ्या डोक्यात नव्हतं. तिन्ही वेळा तोच शब्द ठेवायला लावलंत हे फार आवडलं.

पुरावा_हवा
अनुभव छान आहेत, थोडं संशोधनही घ्या. १९७८ मध्ये स्लामेका आणि ग्राफ यांनी प्रयोगांतून दाखवलं की नुसता वाचलेला शब्द जितका लक्षात राहतो, त्यापेक्षा स्वतः तयार केलेला शब्द जास्त लक्षात राहतो. खडूफळा यांच्या वर्गातलं प्रत्येक मूल गाणं तोंडपाठ म्हणतं, त्याचं एक कारण मला इथे दिसतं.

दुसरं, दोशी आणि हाउझर यांचा २०२४ चा अभ्यास. सुमारे ३०० जणांकडून छोट्या गोष्टी लिहून घेतल्या. काहींना एआयकडून कल्पना घ्यायची मुभा होती. त्यांच्या गोष्टी वाचकांना सरासरीने अधिक सर्जनशील वाटल्या, आणि ज्यांची स्वतःची सर्जनशीलता कमी होती त्यांना फायदा जास्त झाला. बिटबाइट यांचा पुतण्या इथे बसतो. पण त्या गोष्टी एकमेकींसारख्या व्हायला लागल्या. एकेकट्याचं लेखन सुधारलं आणि सगळ्यांचं मिळून वैविध्य घटलं. हा अभ्यास गोष्टींचा होता, गाण्यांचा नव्हता, तरी वर्गासाठी मला तो काळजीचा वाटतो. एका वर्गातली सगळी मुलं पंख्याला 'मित्र खरा' म्हणणार असतील तर तीसजणांना एकत्र बसवून मिळवलं काय?

निवृत्तगुरुजी
पुरावा_हवा, उत्तम. 'एकेकट्याचं सुधारलं, सगळ्यांचं घटलं' हे शिक्षकाने फार गांभीर्याने घ्यायला हवं, कारण शिक्षकासमोर नेहमी सगळे असतात.

दोन_पिल्लं
पालक म्हणून विचारते. ही सॉफ्टवेअरं मुलांच्या हातात द्यायला वयाची अट नाही का? आणि मुलांचा आवाज त्यात चढवला तर पुढे त्याचं काय होतं?

वकीलकाका
अट आहे. युनेस्कोने सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षणातल्या जनरेटिव्ह एआयबद्दल मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. त्यात मुलांनी वर्गात ही साधनं स्वतंत्रपणे वापरण्यासाठी किमान वय तेरा ठेवावं असं सुचवलं आहे. चॅटजीपीटीच्या अटींतही तेराखाली परवानगी नाही, आणि अठरापर्यंत पालकांची संमती लागते. म्हणजे पाचवी-सहावीच्या वर्गात साधन शिक्षकाच्या हातात आणि पडद्यावर, मुलांची खाती नकोत. मुलांचा आवाज, नाव, फोटो चढवूच नका.

मालकीचं म्हणाल तर अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने जानेवारी २०२५ च्या अहवालात म्हटलंय की नुसता प्रॉम्प्ट, म्हणजे यंत्राला लेखी सूचना, देऊन मिळालेल्या कृतीवर लेखकाचा हक्क लागत नाही. त्यात माणसाने स्वतः घातलेला भाग असेल तर तेवढ्यावर लागू शकतो. जून २०२४ मध्ये मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी सुनो आणि यूडिओ या एआयने गाणी करून देणाऱ्या कंपन्यांवर दावे लावले, मुद्दा हाच की प्रारूपं शिकवायला कुणाची गाणी वापरली. पुढे त्यातल्या काही ध्वनिमुद्रण कंपन्यांनी तडजोड करून परवान्याचे करार केले. देशोदेशीचे कायदे वेगळे आहेत, पण गाण्याखाली 'शब्द: सहावीचा वर्ग, साथ: एआय' असं खरंखरं लिहायला कुठेच बंदी नाही. ही सवय शाळेतच लागावी.

बिटबाइट
वकीलकाका, श्रेय लिहिण्याची कल्पना आवडली. माझं मत थोडं सरकलं आहे. तयार गाणं यंत्राकडून घ्यावं असं मी कधीच म्हणत नव्हतो, पण 'अडलं की त्याला विचारा' असं म्हणत होतो. पंख्याच्या ओळीशी वर्ग झगडत होता, तिथे यंत्राला विचारलं असतं तर त्याने दहा पर्याय दिले असते, आणि ती मुलगी बोललीच नसती.

सुरावट
आता कसं बोललात!

मात्रागण
मूळ प्रश्न टप्प्याचा होता, तिकडे वळतो. शब्द आणि चाल पूर्ण झाल्यावर यंत्राला परीक्षेला बसवा. त्याच विषयावर त्याची चार कडवी घ्या, फळ्यावर आपल्या गाण्याशेजारी लिहा आणि मुलांना मात्रा मोजायला, खोटी ओळ शोधायला लावा. दुसऱ्याची ओळ तपासताना मूल जितकं शिकतं तितकं कौतुक ऐकताना शिकत नाही. आणि यंत्राची एखादी ओळ खरोखर चांगली निघाली तर तसंही मोकळेपणाने म्हणा.

बांधा हवा असेल तर देवद्वार छंद घ्या. चार चरण, अक्षरं सहा, सहा, सहा, चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. लघु-गुरूची कटकट नाही, बोटांवर मोजता येतो. शेवटचा चार अक्षरांचा चरण मुलांना फार आवडतो, कारण तिथे थोडक्यात ठोसा द्यायचा असतो.

खडूफळा
सगळ्यांचे मनापासून आभार. मी असं करणार आहे. शब्द आणि चाल मुलांची, त्या काळात पडदा बंद. गाणं उभं राहिलं की मात्रागण म्हणतात तशी यंत्राशी तुलना. साथ लागली तर यंत्राची घेऊ, शब्दांना हात न लावता, आणि गाण्याखाली ते लिहू. समावेशकताईंच्या विद्यार्थ्यासारखं मूल वर्गात असेल तर त्याच्यासाठी पडदा पहिल्या दिवसापासून उघडा राहील. स्नेहसंमेलनाला पंख्याचंच गाणं म्हणणार, ओबडधोबड आहे तसं. शिक्षकखोलीत काय बोलायचं तेही आता मला नीट कळलं आहे.

एक शंका उरली. पेटीवर चाल शोधताना मुलं सगळ्या पट्ट्या दाबत सुटतात आणि वेळ तिथेच जातो. काही युक्ती?

तबलजी
सोपी आहे. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फच्या संगीतशिक्षणाच्या पद्धतीत मुलांच्या वाद्यावरच्या नको त्या पट्ट्या चक्क काढून ठेवतात आणि पाच स्वरांवर खेळू देतात. त्यात काहीही वाजवलं तरी फारसं कर्कश लागत नाही. पेटीच्या पट्ट्या काढता येत नाहीत, म्हणून हव्या तेवढ्यांवर खडूने खुणा करा. भूप रागाचे स्वर द्या: सा, रे, ग, प, ध. म आणि नी नंतर, मुलं स्वतःहून मागतील तेव्हा.

दोन_पिल्लं
आणि पंख्याचं पुढचं कडवं झालं की इथे टाका. मागच्या बाकावर वारा पोचला का ते मुलांना विचारायचं आहे. :)

खडूफळा
नक्की टाकते. पुढच्या तासाला दुसरं कडवं घ्यायचं आहे, विषय मुलांनी आधीच ठरवलाय: रेग्युलेटर कुणाच्या हातात.